‘नाविल’, ‘कादंबरी’ आणि ‘आजकालच्या गोष्टी’

अंबाजोगाईचे एक वाचक आपल्या आजोबांच्या आठवणी लिहून काढताहेत. आजोबा निजामाच्या राजवटीत शिकलेले. ते म्हणायचे, “वस्तानियात असताना मी लई नाविल वाचले.” घरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींचं मत असं की ‘नाविल’ हा अडाणी अपभ्रंश आहे, छापताना सरळ ‘कादंबऱ्या’ करून टाका. त्याच घरात हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची एक जुनी प्रत आहे आणि तिच्यावर ‘आजकालच्या गोष्टी’ असं छापलंय. म्हणून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: कादंबरी हा शब्द मराठीत कसा आला, हरिभाऊंनी ‘गोष्टी’ का म्हटलं, आणि आजोबांचा ‘नाविल’ दुरुस्त करायचा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दुरुस्त करू नका. त्या शब्दात आजोबांचं शिक्षण, त्यांची शाळा आणि त्यांचं राज्य, सगळं जसंच्या तसं राहिलंय.

पुण्यामुंबईकडचा त्या काळचा माणूस इंग्रजी शब्द कानाने ऐकून देवनागरीत उतरवायचा, तेव्हा त्याचा ‘नॉव्हेल’ व्हायचा. म्हणजे पहिल्या अक्षरात ‘ऑ’ आणि मध्ये ‘व्ह’. व्हिक्टोरिया, व्हाइसरॉय हे शब्द मराठीने असेच घेतले. इंग्रजीतल्या त्या ओठ-दातांच्या उच्चारासाठी मराठीने ‘व्ह’ हे जोडाक्षर कायमचं नेमून दिलंय. आजोबांच्या शब्दात ना ‘ऑ’ आहे, ना ‘व्ह’. स्वच्छ ‘ना’ आणि साधा ‘व’. हा शब्द इंग्रजीतून थेट आलेला नाही, तो उर्दूतून आलाय. उर्दूत तो चार अक्षरांत लिहितात: नून, अलिफ, वाव, लाम. वावच्या पुढचा ऱ्हस्व स्वर उर्दू छपाईत दाखवत नाहीत, तो वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालायचा. म्हणून कुणी ‘नावल’ वाचतं, कुणी ‘नाविल’, कुणी ‘नावेल’. आजोबांचा इकार हा उर्दूच्या पानावरून उचललेला इकार आहे.

याच्या जोडीला लिंगही पाहा. उर्दूत हा शब्द पुल्लिंगी आहे. आजोबा म्हणतात ‘नाविल वाचले’. मराठीत व्यंजनान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन बदलत नाही: एक दगड, चार दगड, एक नाविल, लई नाविल. शब्द नपुंसकलिंगी धरला असता तर ‘नाविलं वाचली’ झालं असतं. मराठीत ‘नॉव्हेल’ला कुणी ‘ती’ म्हणतं, कुणी ‘ते’ म्हणतं. ‘तो नॉव्हेल’ म्हणणारा माणूस क्वचितच भेटेल. म्हणजे उच्चार उर्दूचा, लिंगही उर्दूचं. एवढे दोन पुरावे एका छोट्या वाक्यात मिळाल्यावर त्याला अपभ्रंश कसं म्हणायचं?

‘वस्तानिया’ हाही त्याच घरातला शब्द. हैदराबाद संस्थानात शाळेच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया अशा होत्या; प्राथमिक, मधली आणि वरची. 1884 च्या सुमारास संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते तर उर्दू माध्यमाचंच. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या मुलाच्या घरात मराठी, देवळात मराठी, कीर्तनात मराठी आणि वर्गात मात्र उर्दू. अशा मुलाच्या हाती पहिलं करमणुकीचं पुस्तक उर्दूतलं पडलं तर नवल नाही. आणि उर्दूतले नाविल लिहिणारी मोठी माणसं हैदराबादला लांबची नव्हती. 1869 मध्ये ‘मिरातुल उरूस’ लिहिणारे नझीर अहमद पुढे काही वर्षं निजामाच्या नोकरीत होते. लखनौचे रतननाथ सरशार अखेरीस हैदराबादला आले आणि तिथेच गेले. 1899 ची ‘उमराव जान अदा’ लिहिणारे मिर्झा हादी रुसवा उस्मानियाच्या अनुवाद विभागात काम करत होते, 1931 मध्ये तेही हैदराबादेतच वारले. आपल्या आजोबांच्या पिढीला ‘नाविल’ हा शब्द राजधानीकडून मिळाला, इतकं सरळ आहे ते.

आता ‘कादंबरी’. हे मुळात एका बाईचं नाव. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने संस्कृत गद्यात एक प्रचंड कथा रचली, तिची नायिका गंधर्वकन्या कादंबरी. बाणाच्या हातून ती पुरी झाली नाही, त्याच्या मुलाने शेवटास नेली. कथेत पोपट कहाणी सांगतो, त्या कहाणीत दुसरी कहाणी निघते, जन्म बदलतात, शाप येतात, आणि नायिका स्वतः येते ती बऱ्याच उशिरा. त्या एका ग्रंथाचं नाव मराठीने उचललं आणि अख्ख्या वाङ्मयप्रकाराला दिलं. डालडा हे एका कंपनीच्या तुपाचं नाव होतं आणि आपल्याकडे सगळ्याच वनस्पती तुपाला ते चिकटलं, तसंच हे.

हेच नाव का चिकटलं, ते पहिल्या पुस्तकांची नावं वाचली की कळतं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, त्यांचीच ‘रत्नप्रभा’ 1866 ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. तिन्ही नायिकांची नावं, तिन्ही बाणाच्या पंगतीला बसतील अशी. आत राजपुत्र, संकटं, ताटातुटी, योगायोग आणि शेवटी मीलन. संस्कृत शिकलेल्या शास्त्रीबुवांनी लिहिलेल्या आणि त्याच संस्कारांच्या वाचकांनी वाचलेल्या या पुस्तकांना ‘कादंबरी’ म्हणणं अगदी नेमकं होतं. त्यांचा आदर्शच तो होता. हा शब्द कुणी समिती नेमून घडवलेला नाही.

पण याच्याही आधी, 1857 मध्ये, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं होतं, आणि त्याचं पुरं नाव फार बोलकं आहे: ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. निरूपण! पैठण, गंगाखेड, नरसी, जांब या गावांच्या मुलखात हा शब्द कुणाला समजावून सांगायला नको. कीर्तनकार अभंग लावतो आणि त्याचं निरूपण करतो. पदमनजी ख्रिस्ती झालेले, विषय विधवांचा, आणि लेखनाला नाव देताना त्यांना हा शब्द जवळचा वाटला. मला हे फार मोलाचं वाटतं. मराठीतलं हे पहिलं कादंबरीवजा लेखन एका जिवंत सामाजिक प्रश्नाला धरून निघालं होतं. अद्भुताची लाट नंतर आली आणि नाव मात्र त्या लाटेने दिलं.

आता हरिभाऊ. 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच हप्त्याहप्त्याने आली, 1893 पर्यंत. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपलं आयुष्य सांगते: माहेर, सासर, दुर्गीसारखी मैत्रीण, रघुनाथरावांसारखा भला नवरा, शंकरमामंजींसारखा घरातला दुष्टावा, आणि अखेर वैधव्य आणि केशवपन. यात गंधर्व नाहीत, पोपट नाही. ‘कादंबरी’ म्हटलं की त्या वेळच्या वाचकाच्या मनात मंजुघोषा उभी राहणार, हे हरिभाऊंना ठाऊक असणारच. म्हणून सामाजिक कथानकांच्या माळेला त्यांनी ‘आजकालच्या गोष्टी’ हे नाव दिलं असावं, असं मी समजतो. ‘आजकालच्या’ या शब्दानेच राजपुत्रांना रजा दिली.

आणि ‘गोष्ट’ हा शब्दही साधा नाही. मूळ संस्कृत ‘गोष्ठी’, म्हणजे चार माणसांची बैठक आणि त्या बैठकीतलं बोलणं. ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ येतो तो बोलणं, वार्ता या अर्थाने. आजही आपण ‘सुखदुःखाच्या गोष्टी केल्या’ म्हणतो तेव्हा कथा सांगितलेली नसते, मन मोकळं केलेलं असतं. ‘चार गोष्टी सुनावल्या’ म्हणतो तेव्हा कानउघाडणी केलेली असते. यमूचं सांगणं तंतोतंत असं आहे: कथा, मन मोकळं करणं आणि समाजाला सुनावलेल्या चार गोष्टी, सगळं एकाच शब्दात बसतं. पुस्तकाचं नावसुद्धा बोलण्यातलंच. कुणीतरी सांगून सांगून थकलेलं आहे आणि शेवटी म्हणतंय, पण लक्षात कोण घेतो?

पुढे झालं असं की पुस्तकं बदलली, शब्द तोच राहिला. 1902 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी मोठा निबंध लिहिला त्याचं नावच ‘कादंबरी’. हे तेच राजवाडे, ज्यांना आपल्या बीडला ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ पुस्तकरूपाने 1903 ची, नाथमाधवांची ‘सावळ्या तांडेल’ 1909 ची, वामन मल्हार जोश्यांची ‘रागिणी’ 1915 ची. या तिन्हींचा पिंड वेगळा, पण तिन्ही कादंबऱ्याच. हरिभाऊंच्या ‘गोष्टी’ही अखेर त्याच नावाखाली जमा झाल्या. आज कादंबरी म्हटल्यावर बाणभट्टाची आठवण किती जणांना होते?

मराठवाड्याला या शब्दांकडे पाहायला एक सोय आहे, जी पुण्याला नव्हती. एकाच संस्थानात उर्दू, मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारी नांदत होत्या. उदगीर, निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तिथल्या कन्नड माणसाला ‘कादंबरी’ परका नव्हता, कारण कन्नडातही याच प्रकाराला कादंबरीच म्हणतात. हरिभाऊंच्या कादंबऱ्या कन्नड लेखक गळगनाथांनी कन्नडात नेल्या, त्यामुळे शब्दाबरोबर पुस्तकांचीही ये-जा होती. बिलोली, धर्माबादकडच्या तेलुगू घरात तिला ‘नवल’ म्हणतात. इंग्रजी शब्दाचा ध्वनीही आला आणि ‘नव’ हे संस्कृत अंगही राहिलं. गुजरातीने हेच केलं, तिथे ती ‘नवलकथा’. मराठीत ‘नवल’ म्हणजे आश्चर्य, त्यामुळे आपल्या कानाला ती अद्भुतकथा वाटते. आणि हिंदी-बंगालीचा ‘उपन्यास’ घेऊन तुम्ही तेलुगू किंवा कन्नड शेजाऱ्याकडे गेलात तर तो भाषण ऐकायच्या तयारीने बसेल, कारण त्या भाषांत उपन्यास म्हणजे व्याख्यान. कन्नडात कॉलेजच्या प्राध्यापकाला ‘उपन्यासक’ म्हणतात ते यामुळेच.

जाता जाता एक सांगायचं राहू नये. मराठवाड्याने स्वतःची कादंबरी लिहायच्या आधी मराठवाडा दुसऱ्याच्या कादंबरीत आला होता. कर्नल मेडोज टेलर निजामाच्या मुलखात नोकरीला होते आणि 1853 पासून काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांची 1863 ची इंग्रजी कादंबरी ‘तारा’ आपल्या तुळजापुरात सुरू होते. नायिका तिथल्याच भवानीच्या सेवेत वाहिलेली. आणि हरिभाऊंची ‘म्हैसूरचा वाघ’ टेलरसाहेबांच्याच टिपू सुलतानावरच्या कादंबरीवरून बेतलेली. मराठी वर्गाबाहेर गेल्यामुळे आपल्या मातीतल्या कादंबरीकारांची पिढी उशिरा उभी राहिली. 1913 साली परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात जन्मलेले, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत लिहिणारे बी. रघुनाथ हे त्यातलं माझ्या लेखी सर्वांत मोठं नाव. ‘आडगावचे चौधरी’ वाचली नसेल तर जरूर वाचा.

आता तुमच्या हस्तलिखितापुरतं. जिथे आजोबा उर्दू पुस्तकांबद्दल बोलतात तिथे ‘नाविल’ ठेवा आणि क्रियापदही त्यांचंच ठेवा, ‘वाचले’. ‘वाचल्या’ केलंत तर शब्द त्यांचा आणि व्याकरण तुमचं होईल. तळटीप लागलीच तर एका ओळीची पुरे: उर्दू ‘नाविल’, पुल्लिंगी, अर्थ कादंबरी. वस्तानियालाही तशीच एक टीप द्या, कारण आजच्या मुलांना तो शब्द अजिबात माहीत नाही. आणि टिपणांत आजोबा हरिभाऊंचं किंवा नाथमाधवांचं नाव घेतात का, आणि घेतात तेव्हा कुठला शब्द वापरतात, हे मुद्दाम तपासा. मराठी पुस्तकाला ‘कादंबरी’ आणि उर्दू पुस्तकाला ‘नाविल’ असा फरक ते पाळत असतील, तर एकच माणूस दोन भाषांची कपाटं वेगळी ठेवत होता, आणि तसं असेल तर मला नक्की कळवा.