ट्रेलर उलाळ होऊ देऊ नका; प्लायवूडचे नंतर पाहू

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की कॅलिफोर्नियात चार बाय आठ फुटांचा झोपण्यापुरता ट्रेलर घरी बांधून लहान एसयूव्हीमागे लावायचा असल्यास प्लायवूड किती जाडीचे घ्यावे, आणि विकतच्यापेक्षा तो स्वस्त पडतो का. खाली एका सद्गृहस्थांनी उत्तर दिले आहे की घरचा ट्रेलर म्हणजे जुगाड आणि महामार्गावर तो डोलणारच. हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

ट्रेलर डोलतो तो घरी बांधला म्हणून नव्हे, तर मागे जड, म्हणजे उलाळ, झाला म्हणून. कारखान्यातून आलेला महागडा ट्रेलरही चुकीचा भरला तर तसाच डोलेल. कोल्हापुरात आमच्या वडिलांचे उद्यमनगरात फॅब्रिकेशनचे वर्कशॉप होते आणि तिथे उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येत, त्यामुळे वजन आसाच्या पुढे किती आणि मागे किती हा विषय आमच्या घरी जेवताना चालत असे. अमेरिकेतला सर्वमान्य नियम असा आहे की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावरून गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, यावा. युरोपात याहून कमी भार चालवून घेतात, पण तिकडे ट्रेलर ओढण्याची वेगमर्यादाही बहुतेक ठिकाणी कमी असते, हे तिकडचे दाखले देणारे सांगत नाहीत.

माझा ट्रेलर थेंबाच्या आकाराचा, म्हणजे टिअरड्रॉप आहे. पुढे झोपायची जागा आणि मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा ओटा. सांगाडा नटबोल्टने जोडायचा किट म्हणून विकत घेतला (यावरूनही साडूंनी मला ऐकवले आहे), वरची खोली मी बांधली. बॉलपासून आसापर्यंतचे अंतर आठ फूट, वजन सुमारे १,२०० पौंड आणि दांड्यावरचा भार १४० पौंड, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या वर. हा भार मोजायला महागडे उपकरण लागत नाही. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना अडण्या लावाव्यात, न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा उभा करून कपलर (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) त्यावर टेकवावा आणि आकडा वाचावा. दांडा बॉलच्या उंचीलाच असावा, एवढे पथ्य पाळायचे.

एका उन्हाळ्यात आमचे आणि साडूंचे अशी दोन्ही कुटुंबे योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला निघालो. माझ्या गाडीला हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा आकडा, बसवून झाला नव्हता, म्हणून ट्रेलर साडूंच्या गाडीमागे होता आणि मी मागून माझ्या गाडीने येत होतो. रात्री मी भार मोजून ठेवला होता. सकाळी साडूंनी ‘सामान हाताशी हवे’ म्हणून बर्फाची पेटी आणि पाण्याचे कॅन मागच्या ओट्यात कोंबले आणि त्यांच्या हौसेच्या दोन सायकली मागच्या रॅकवर लटकवल्या. मी विचारले, तेव्हा ‘अहो, एवढ्याने काय होतंय!’ असे उत्तर मिळाले.

काय होते ते आता सांगतो. ओट्यातले शंभर पौंड आसाच्या तीन फूट मागे होते, त्यामुळे दांड्यावरचे सदतीस-अडतीस पौंड उचलले गेले. सायकली आणि रॅक मिळून ऐंशी पौंड जवळपास पाच फूट मागे, म्हणजे आणखी पन्नास गेले. एकूण वजन १,३८० झाले आणि दांड्यावर उरले पन्नासच्या आसपास, म्हणजे चार टक्केही नाहीत.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. साडू किती वेगाने चालले होते ते लिहीत नाही, पण आल्टामाँटची पवनचक्क्यांची खिंड ओलांडून ट्रेसीकडे उतार लागला तेव्हा मला त्यांच्याबरोबर राहायला त्रास होत होता. एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलरचे बूड प्रथम हातभर डावीकडे गेले, मग उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. लटकत्या सायकलीचे चाक लेनच्या पांढऱ्या रेघेपलीकडे जाऊन परत येताना मला स्पष्ट दिसत होते. पत्नीने बहिणीला फोन लावला आणि मी ओरडून सांगितले की ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला की मागचा ट्रेलर गाडीला ढकलून आडवी करू शकतो, आणि वेग वाढवून तो सरळ होईल ही समजूत त्याहून घातक आहे. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतील तर तेवढेच हाताने लावावेत. माझ्या ट्रेलरला ते नाहीत. वेग पंचेचाळीसच्या खाली आला तसा तो आपोआप शांत झाला.

मँटिकाला थांबून मी वजनकाटा काढला. तो ट्रेलरमध्ये कायम असतो. पाण्याचे कॅन पुढे गादीखालच्या कप्प्यात गेले, सायकली साडूंच्या गाडीच्या टपावर गेल्या आणि भार १४७ भरला. तोच ट्रेलर, तीच चाके. ग्रोव्हलँडपर्यंत तो सरळ रेषेत चालला. अर्थात ओल्ड प्रीस्ट ग्रेडच्या खड्या चढाने नव्हे, न्यू प्रीस्ट ग्रेडने. जुन्या रस्त्याने ट्रेलर नेऊ नये. साडूंचे मत त्यानंतरही असेच आहे की घरच्या बांधणीत दोष होता.

प्लायवूडचे बोलायचे तर जमिनीला आणि भिंतींना अर्धा इंच पुरते. पाऊण इंची पूर्ण फळा साठ-सत्तर पौंडांचा असतो, आणि मजबुतीच्या नावाखाली तो सगळीकडे वापरला की गाडीची क्षमता सामान भरण्याआधीच संपत येते. छताच्या गोलाईला पातळ प्लाय दोन थरांत वाकवावे. वरून जलरोधक गोंदात कॅनव्हास ताणून बाहेरचा रंग दिला, तर फायबरग्लासची गरज पडत नाही. ट्रेलरचे दिवे मिणमिणले तर आधी पांढरी अर्थिंगची तार पाहावी. ती सांगाड्याच्या रंगावरच आवळली असेल तर तिथला रंग घासून पुन्हा आवळावी. खर्चाबाबत एवढेच म्हणेन की पैसे वाचवण्यासाठी बांधणार असाल तर जुना ट्रेलर विकत घ्या.

गाडीची ओढण्याची क्षमता मॅन्युअलमध्ये पाहा. पेट्रोलवरच्या होंडा सीआर-व्हीसारख्या गाड्यांना अमेरिकेत ती १,५०० पौंड दिलेली असते, आणि त्यात तुमची गादी, भांडी, पाणी सगळे आले. ट्रेलरला किती वजनापासून ब्रेक सक्तीचे आहेत हे राज्यागणिक बदलते, तेव्हा आपल्या राज्याचा नियम वाचावा. किटचा सांगाडा घेतल्यास ओळख क्रमांक आणि उत्पादकाचे प्रमाणपत्र आयते मिळते, नोंदणी सोपी जाते. सांगाडाही स्वतः वेल्ड करणार असाल तर नोंदणीच्या तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवा. हेच भारतात करायचा विचार असलेल्यांनी आधी आरटीओत चौकशी करावी, कारण तिथेही ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. आणि कोणाच्याही साडूंना सामान भरू देऊ नये.