तुम्ही विचारा, आम्ही भांडतो : ‘एस्केप रूम’वर आलेली पत्रं

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की ‘एस्केप रूम’ हा २०१९चा पिक्चर दुसऱ्यांदा बघितला आणि पहिल्यापेक्षा जास्त आवडला. एवढ्यावरून इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यातली निम्मी रागावलेली आहेत आणि दोघांनी तर मासिक बंद करायची धमकी दिलीय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : शिकागोतल्या सहा अनोळखी लोकांना एकेक कोड्याचा डबा मिळतो, तो उघडला की आत आमंत्रण, या आणि आमच्या खोलीतून सुटून दाखवा, दहा हजार डॉलर घेऊन जा. सगळे येऊन वेटिंग रूममध्ये बसतात, खेळ कधी सुरू होणार म्हणून घड्याळं बघतात, आणि ती वेटिंग रूमच भट्टी निघते. तिच्यातून सुटलं की पुढची जीवघेणी खोली, मग त्याच्या पुढची. पुढे कोण जातं कोण राहतं ते खाली आलंच आहे, तेव्हा बघायचा असेल तर पान उलटा आणि नंतर या.

ताई, तुम्हाला खरंच आवडला? अहो हा सरळ सरळ ‘सॉ’ आणि ‘क्यूब’ मिक्सरला लावून काढलेला ज्यूस आहे. एक सीन ओरिजिनल दाखवा, पुढच्या वर्षाची वर्गणी डबल भरतो. (एक वाचक, सातारा)

डबल वर्गणीचं लक्षात ठेवते. मिक्सरचं म्हणाल तर मान्य, पण मग मिक्सरमध्ये मागे मागे जात राहावं लागेल. ‘सॉ’ २००४चा, साधारण बारा लाख डॉलर आणि अठरा दिवसांचं शूटिंग, एका घाणेरड्या बाथरूममध्ये साखळीने बांधलेले दोन माणसं. त्याच्या आधी १९९७चा कॅनडातला ‘क्यूब’, एकाला एक लागून असलेल्या सारख्याच खोल्यांत अडकलेल्या माणसांचा, ज्यात जवळजवळ सगळा पिक्चर एकाच खोलीच्या सेटवर काढलाय, भिंतीमागच्या उजेडाचा रंग बदलला की झाली नवी खोली, आणि पात्रांची नावं सगळी जगातल्या तुरुंगांवरून, क्वेंटिन, लेवन, वर्थ वगैरे. त्याच्याही आधी अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३९मध्येच दहा अनोळखी लोकांना बेटावर नेऊन एकेकाला संपवलं होतं. म्हणजे नक्कल धरायची तर सगळ्यांनाच धरा.

आमच्या आईचा एक नियम होता, शेजारणीकडून साखर आणली तर वाटी रिकामी परत करायची नाही, चार लाडू नाहीतर निदान लिंबू तरी घालून द्यायचं. मी उसन्या पिक्चरला तेवढंच विचारते, वाटीत काय घातलंस? ‘एस्केप रूम’ने घातलाय तो उलटा बार. बिलियर्ड्सचं टेबल, खुर्च्या, बाटल्या सगळं डोक्यावर लटकलेलं, माणसं छतावर उभी, मागे पेटुला क्लार्कचं ‘डाउनटाउन’ वाजतंय आणि पायाखालच्या जमिनीचे तुकडे निखळून खाली खोल जातायत. मी ते गाणं आता रेडिओवर लागलं तरी खुर्चीचे हात धरते. ‘सॉ’मध्ये तुम्ही जखमेकडे बघत नाही, डोळे झाकता. इथे सारखे खोलीकडे बघत राहता, कुठे काय लपवलंय म्हणून, आणि तेवढा वेळ तुम्हीही खेळताय. हा फरक मला छोटा वाटत नाही. वर्गणी पाठवा.

पहिला अर्धा तास मस्त, मग शेवटाला हवा गेली. कोण करतंय हे सगळं, तर म्हणे श्रीमंत लोक पैसे लावतात! इतका मोठा खर्च, भट्टी काय, बर्फाचा तलाव काय, फक्त टाइमपास म्हणून? पटत नाही. (पुण्यातल्या वाचक मैत्रीण)

मलाही नाही पटत, इथे मी तुमच्या बाजूने. खरं दुखणं नकलेत नाहीच, इथे आहे.

असं बघा, अशा पिक्चरमध्ये खोली कोणीही बांधू शकतो, खरा प्रश्न एकच असतो की हेच लोक का? आणि या पिक्चरकडे त्याचं फार चांगलं उत्तर आहे. सहाही जण आपापल्या अपघातातून एकटेच वाचलेले. झोई विमान अपघातातून, माइक खाणीतून, अमांडा इराकच्या युद्धातून भाजून परत आलेली, जेसन भर समुद्रात गारठून वाचलेला. आणि हे कोणी भाषण देऊन सांगत नाही, लाकडी केबिनच्या दाराचा पासवर्ड निघतो ‘रुडॉल्फ’, तेव्हा बेनचा चेहरा पडतो कारण त्याच्या गाडीचा अपघात झाला तेव्हा मित्रांबरोबर त्याच रुडॉल्फ नावाच्या हरणाचं ख्रिसमसचं गाणं चाललं होतं. भाजलेल्या बाईला भट्टी, गारठलेल्याला बर्फ. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला होता, की अरे हा कोणीतरी आपल्या आयुष्याची फाईल वाचून बसलाय.

आता इथून पुढे केवढं जाता आलं असतं. जो एकदा बाकीचे मेले म्हणून वाचला तो दुसऱ्यांदा काय करेल? जेसनच्या बाबतीत पिक्चर ते थोडं विचारतो, तो बाहेरून सूटबूट आणि आतून पहिल्यांदा स्वतःचं बघणारा. बाकीच्यांना मात्र अपघात म्हणजे आधार कार्डासारखा दिलाय, दाखवला, नंबर टिपला, खिशात टाकला. आणि मग शेवटी तो खेळ चालवणारा माणूस येऊन समजावतो की लोकांना असलं बघायला पूर्वीपासून आवडतं. अरे बाबा हे आम्हाला माहीत आहे, आम्ही तिकीट काढूनच बसलोय ना!

खर्चाचं मात्र सोडा. पिक्चरमध्ये हा खेळ चालवणाऱ्या कंपनीचं नाव मिनोस आहे, ग्रीक गोष्टीतला भुलभुलैयावाला राजा. राजा लोकांच्या बजेटचा हिशोब कोणी मागत नाही.

तो भारतीय वाटणारा पोरगा पहिलाच का जातो? नेहमीचंच आहे हे. (नागपूर)

डॅनी. निक डोडानी, आहे अमेरिकेतच जन्मलेला भारतीय वंशाचा नट. चिडायचं कारण मला रंगापेक्षा वेगळं वाटतं, तो एकटाच एस्केप रूमचा, म्हणजे कोडी सोडवून बंद खोलीतून सुटायच्या खेळाचा, पक्का शौकीन, ज्याला सगळ्यात जास्त कळतं, त्यालाच आधी बर्फाखाली घातला म्हणजे बाकीच्यांना डोकं चालवायला लागेल. लेखकाची सोय. पण तुमचं ‘नेहमीचंच’ खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

सुरुवातीलाच शेवटाकडचा सीन, बेन एकटा भिंतींमध्ये चिरडताना दाखवतात, मग मधला सगळा वेळ तो मरणार नाही हे माहीत असतं. ही काय पद्धत? (ठाणे)

पंगतीत आधी जिलबी वाढून मग वरणभात. पहिल्या पाच मिनिटांत लोक उठून जातील ही भीती, दुसरं काही नाही. तुमचं शंभर टक्के बरोबर.

आमच्या वेळी ‘गुमनाम’ होता. एक थेंब रक्त न दाखवता रात्री झोप उडवली होती आमची. या पोरांना तो दाखवा. (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, दाखवला. भाचीने ‘हम काले हैं तो क्या हुआ’ तीनदा मागे नेऊन बघितलं, खुनाकडे तिचं लक्ष नव्हतं.

पण तुमच्या पत्रामुळे मी परत बघितला आणि एक मजा सापडली. १९६५चा ‘गुमनाम’, दिग्दर्शक आपले राजा नवाथे, नायिका मास्टर विनायकांची नंदा, आणि गोष्ट तीच, ख्रिस्तीबाईंच्या बेटाची. तिथेही लोकांना गोळा करतात ते बक्षिसाच्या आमिषानेच, फुकट परदेशवारी लागली म्हणून विमानात बसतात आणि विमान त्यांना सोडून निघून जातं. म्हणजे दहा हजार डॉलरच्या डब्याला चोपन्न वर्षं आधीचा भाऊ आहे. उसनं म्हणाल तर ‘गुमनाम है कोई’ची चालसुद्धा १९६३च्या ‘शराड’ नावाच्या हॉलिवूडपटाच्या धूनवरून आलेली. पण वाटीत काय काय घातलंय बघा, लताबाईंचा आवाज, मेहमूद, हेलन, आणि ते ‘जान पहचान हो’, जे २००१मध्ये एका अमेरिकन पिक्चरने उचलून स्वतःच्या सुरुवातीला लावलं. साखर गेली, लाडू होऊन परत आली.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, पिक्चर बघून आता खऱ्या एस्केप रूममध्ये वाढदिवस करायचा म्हणतोय. पिक्चर दाखवला ते चुकलं का आणि पाठवू का? (नाशिक)

पिक्चर दाखवला ते चुकलं नाही. अमेरिकेतही याला ‘सॉ’सारखं कडक सर्टिफिकेट नाही, तेराच्या पुढच्यांना चालेल असंच होतं, रक्त फारसं नाही आणि त्याच कारणाने तो जास्त चाललाही, नव्वद लाख डॉलरमध्ये काढून जगभरात साडेपंधरा कोटींच्या आसपास कमावले.

खऱ्या खोलीचं मात्र जरा थांबून सांगते. हा खेळ २००७मध्ये जपानमध्ये क्योटोत सुरू झाला आणि एरवी अगदी निरुपद्रवी, तासभर कुलपं उघडत बसायचं. पण ४ जानेवारी २०१९, ज्या दिवशी हा पिक्चर अमेरिकेत लागला त्याच दिवशी, पोलंडमधल्या कोशालिन गावात एका एस्केप रूममध्ये आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. वाढदिवसालाच आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत हीटरच्या सिलिंडरमधून गॅस गळला आणि मुलींना आतून बाहेर पडता आलं नाही. मला हे दोन्ही एकाच तारखेला झालं हे कळल्यापासून पिक्चरमधली ती भट्टीची खोली पूर्वीसारखी बघता येत नाही.

म्हणून पाठवा, पण आधी स्वतः जाऊन या. दार आतून, कोणाला न विचारता उघडतं का? लाइट गेले तर काय? आतल्यांना सतत बघणारा माणूस जागेवर बसतो की मधेच चहाला जातो? आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला? ‘आमच्याकडे खरंखुरं कुलूप लावतो, मजा येते’ असं कोणी अभिमानाने सांगितलं तर केक घरी कापा.

दुसरा भाग बघू का? हो किंवा नाही एवढंच सांगा. (एक घाईतला वाचक)

एवढंच सांगता येत नाही हो. २०२१चा ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’, आधीच्या खेळांतून सुटलेल्यांनाच परत कोंडलंय, सुरुवातीचा मेट्रोच्या डब्यातला विजेचा सीन छान, बाकी इस्त्री करता करता बघितला तरी चालेल. पण गोची अशी की त्याची दोन रूपं आहेत, थिएटरमधलं वेगळं आणि नंतर आलेलं लांबवलेलं वेगळं, सुरुवात आणि शेवट दोन्ही बदललेले. घरात दोघांनी दोन वेगवेगळे बघितले तर जेवताना शेवटावरून वाद होतो आणि दोघंही बरोबर असतात. आमच्याकडे आठवडाभर चालला.