देणारीचा हात, घेणारीचा मान

प्रश्न : आमच्याच इमारतीत राहणारी माझी मैत्रीण अनेक वर्षे माझ्या घरातलीच होऊन गेली होती. काही वर्षांपूर्वी तिच्या यजमानांची नोकरी सुटली, तेव्हा तिच्या मुलाच्या क्लासची फी मी भरली. ते पैसे मी कधी परत मागितले नाहीत आणि कुणापाशी बोललेही नाही. आता त्यांचे बरे चालले आहे, पण ती मला टाळते. जिन्यात भेटली तर घाईत असल्याचे सांगून निघून जाते. भिशीची वही इतकी वर्षे तिच्याकडे असे, तीही तिने दुसरीकडे सोपवली. चांगुलपणा करून मी मैत्री गमावली का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अडचणीच्या वेळी फी भरली यात तुमचे काहीच चुकले नाही आणि पुन्हा तशी वेळ आली तर तुम्ही तेच करावे. परंतु ‘परत मागितले नाहीत’ हे तुम्ही ज्या समाधानाने लिहिले आहे, त्यातच तुमच्या मैत्रिणीची अडचण दडलेली असावी. देणारीला जे मोठेपण वाटते, ते घेणारीला अनेकदा कधीच न फिटणारे ऋण वाटते. मुदत ठरवून घेतलेले उसने फिटले की विषय संपतो. ज्याला मुदतच नाही, ते मात्र रोज जिन्यात समोर उभे राहते.

आपल्या बायकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. शेजारणीकडून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, तिच्यात चार करंज्या किंवा मूठभर शेंगा तरी घालायच्या, ही रीत काही उगाच पडलेली नाही. भिशीत प्रत्येकीचा हप्ता सारखा असतो आणि रक्कम पाळीपाळीने मिळते, त्यामुळे कुणी कुणाची उपकृत राहत नाही. बचत गटातही दहा ते वीस जणी आपल्याच बचतीतून एकमेकींना कर्ज देतात, पण त्याची वहीत नोंद होते, व्याज ठरते आणि परतफेडीची तारीख सर्वांना माहीत असते. हा कोरडा व्यवहार वरवर पाहता प्रेमाच्या विरुद्ध वाटेल. मात्र त्या नोंदीमुळेच कर्ज घेणारी बाई पुढच्या बैठकीला मान वर करून येऊन बसते.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण येथे आठवते. ती कथा आपण बहुधा पती गोपाळरावांचा हट्ट आणि आनंदीबाईंची डॉक्टरकीची पदवी एवढ्यापुरतीच वाचतो, आणि थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाट्याला त्यात जेमतेम एक ओळ येते. हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरांकडे बसल्या असताना एका मिशनरी मासिकात छापलेले गोपाळरावांचे पत्र त्यांच्या वाचनात आले आणि कधीही न पाहिलेल्या एका मुलीला त्यांनी पत्र लिहिले. पुढे सुमारे तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालला. कलकत्त्यात आनंदीबाईंची प्रकृती बिघडली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, आणि जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला पोहोचल्या तेव्हा उतरवून घ्यायला कार्पेंटरबाईच आल्या होत्या. या पत्रांत आनंदीबाई केवळ मदत घेणाऱ्या नव्हत्या. आपला धर्म, चालीरीती, बालविवाह आणि त्याचे स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम यांविषयी त्या आपली मते लिहीत होत्या, आणि वयाने कितीतरी मोठी असलेली, ज्यांना त्या मावशी म्हणत ती बाई ते समजून घेत होती. एकीकडून औषध आणि आधार गेला, तर दुसरीकडून एका अपरिचित समाजाचे दार उघडले गेले. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाई वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

तेव्हा तुम्ही आता तिच्याकडे काहीतरी मागा, आणि ते तुम्हाला खरोखर हवे असलेले असू द्या. तिला बरे वाटावे म्हणून रचलेले निमित्त तिला लगेच ओळखू येईल. हिशेबात तिचा हात धरणारे कुणी नाही असे तुमच्या पत्रावरून दिसते, म्हणून भिशीची वही पुन्हा तिने घ्यावी अशी विनंती करायला हरकत नाही. तिने पैसे परत देऊ केले तर ‘अगं, राहू दे’ म्हणू नका. हप्त्याहप्त्याने दिले तरी शांतपणे घ्या. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा : फी भरल्यानंतरच्या काळात त्यांच्या घरातील एखाद्या खर्चाविषयी, सणाच्या साडीविषयी किंवा नव्या मोबाइलविषयी तुम्ही काही बोलला होतात का? पैसे देणाऱ्याच्या तोंडचे साधे वाक्यही फार जड होऊन ऐकू येते. तसे झाले असेल, तर एकदा तिच्या घरी जाऊन ते बोलून टाका.

प्रश्न : माझ्या मैत्रिणी घरी आल्या की सासूबाई हमखास ‘बाईच बाईची शत्रू असते’ असे ऐकवतात. यात काही तथ्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अनुभव खरा असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचल्यास दोन्ही गोष्टी एकाच घरात दिसतात. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला आणि रमाबाई रानडे त्याच्या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना बोलून बोलून हैराण केले. त्या बायका स्वभावाने दुष्ट होत्या असे मानण्याचे कारण नाही. घरात ज्यांच्या हाती दुसरा कोणताच अधिकार नव्हता, त्यांचा सुनेवर चालणारा हुकूम तेवढा उरला होता, आणि सून शिकली तर तोही जाणार होता. दुसरीकडे, ज्या सभांसाठी ही बोलणी खाल्ली, तेथे रमाबाई रानडे यांना सोबत दिली तीही बायकांनीच. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या वेळी मैत्रिणी आल्या की त्यांनाही चहाला बसवा आणि त्यांच्या लहानपणच्या मैत्रिणींविषयी विचारा.

प्रश्न : मैत्रिणीला नवरा मारहाण करतो. तिने कुणालाही न सांगण्याची शपथ घातली आहे. मी काय करावे? (नाव नको)

उत्तर : ‘तू त्याला सोड’ किंवा ‘जरा सांभाळून घे’ यांपैकी काहीही म्हणू नका, दोन्ही सल्ल्यांनी ती बोलायची थांबेल. ती सांगते ते खरे मानून ऐकून घ्या, तारखा लिहून ठेवा आणि तिची कागदपत्रे व थोडे पैसे तुमच्याकडे ठेवता येतील असे सांगा. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक तिला पाठ असू द्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सखी केंद्रात उपचार, कायदेविषयक सल्ला आणि तात्पुरता निवारा मिळण्याची सोय असते, तेथे तिच्यासोबत जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार अशा हिंसाचाराची माहिती कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकते, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तरीही एरवी तिला विचारल्याशिवाय हे पाऊल उचलू नका. तिच्या किंवा मुलांच्या जिवाला धोका दिसला तर मात्र शपथेचा विचार न करता ताबडतोब ११२ ला फोन करा.