पाचवीच्या वर्गाला भातखंडे सांगताना

प्रिय बाळ,

तुझा निरोप आणि सोबतच्या स्लाइड्स पाहिल्या. 10 ऑगस्टला परळच्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक पंडित विष्णु नारायण भातखंडे सांगायचे, त्यासाठी तू केलेली तयारी चोख आहे. सनावळ्या बरोबर आहेत, फोटो नेटके आहेत. तरी माझं ऐकशील तर पहिल्या दिवशी यातलं काहीच दाखवू नकोस. जन्म 1860, वकिली, ग्रंथ, परिषदा, निधन 1936 असं ओळीने सांगितलं, की मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि मोकळी होतात. गाणं कागदावर उतरवायचं कसं, हा भातखंड्यांना पडलेला प्रश्न आधी मुलांना पडू दे.

सुरुवात भूप रागापासून कर. सा रे ग प ध, पाचच स्वर, लहान गळ्यांना पटकन साधतात. ते जरा बसले, की आठ-दहा स्वरांची एक सुरावट तू गा आणि सांग, ‘ही कागदावर लिहा. उद्या मला ती तुमच्या कागदावरून गाऊन दाखवायची.’ कसं लिहायचं ते मात्र अजिबात सांगू नकोस. कुणी नुसती अक्षरं लिहील, कुणी लांबवलेल्या स्वरापुढे रेघ ओढील, कुणी वरच्या सा ला बाण काढील. दुसऱ्या दिवशी एकाचा कागद दुसऱ्याच्या हातात दे. गाताना मूल अडलं की तिथे त्याला सोडवू नकोस, वर्गालाच विचार काय लिहायचं राहिलं. स्वर कुठल्या सप्तकातला, किती वेळ थांबायचं, ताल कुठून सुरू होतो, हे सगळं मुलं स्वतः शोधून काढतात. मी अनेक वर्गांत हे होताना पाहिलंय आणि दर वेळी मला तेवढाच आनंद होतो.

त्यानंतर फळ्यावर भातखंड्यांची स्वरलिपी लिही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली कंस. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली; कालाला, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या मात्रेला, शून्य. आदल्या दिवशी अडलेल्या मुलाला या खुणांचं मोल सांगावं लागत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजून घे, नवव्या मात्रेला हात मोकळा सोडायला लाव. तालाचं याहून जास्त या वयात नको.

मग देशकार राग. स्वर तेच पाच. तुझी शाळा सकाळची आहे ही चांगलीच गोष्ट, देशकार त्याच्या वेळेला गाता येईल. भूप गंधारावर (ग) विसावतो, देशकार धैवताभोवती (ध) फिरतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. दोन्ही आळीपाळीने गा आणि मुलांना ओळखायला लाव. एकदा ओळखू आले, की ‘स्वर सारखे असून राग दोन कसे?’ हे कोड्यासारखं त्यांच्यापुढे ठेव. उत्तराची घाई करू नकोस, मधली सुट्टी झाली तरी चालेल.

याच्याच पुढचा प्रश्न थाटाचा, म्हणजे ज्या सात स्वरांच्या साच्यात राग बसवतात त्याचा. भातखंड्यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत मांडले. त्यात बिलावल आणि कल्याण यांच्यात फरक फक्त मध्यमाचा, एकात शुद्ध, दुसऱ्यात तीव्र. आणि भूपात तर मध्यमच नाही! मग त्याला ठेवायचं कुठे? भातखंड्यांनी रागाचं चलन, म्हणजे स्वरांची चाल, पाहून भूपाला कल्याणात ठेवलं आणि देशकाराला बिलावलात. सगळे राग या दहा घरांत सुखाने मावत नाहीत, आणि यावर गवय्यांचे आणि अभ्यासकांचे वाद आजही चालतात. हे मुलांपासून लपवू नकोस. मोठ्या माणसाचं म्हणणं तपासून पाहता येतं, त्यावर शंका काढता येते, हे दहाव्या वर्षी कळलं तर फार बरं. खुद्द भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांत लिहिली, तीही मराठीत. त्यातला एखादा छोटा संवाद दोन मुलांना मोठ्याने वाचायला दे.

एवढं झाल्यावर चरित्राकडे वळ, आणि ते मुंबईपासून सांग. वाळकेश्वरला गोकुळाष्टमीच्या दिवशी जन्मलेला मुलगा, म्हटल्यावर परळची पोरं कान टवकारतीलच. एल्फिन्स्टन कॉलेजातून 1885 साली बी.ए., 1887 साली एलएल.बी. पण त्याआधीपासूनच पारशी मंडळींनी काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचं जाणं-येणं. सतार वल्लभदासांकडे, धृपद रावजीबुवा बेलबागकरांकडे, ख्याल अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडे. ही नावं सावकाश उच्चार. तुझ्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत, प्रत्येकाला त्यात ओळखीचा आवाज ऐकू येईल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं ती. तुझ्या एका स्लाइडवर ‘उस्तादांनी लपवून ठेवलेलं संगीत भातखंड्यांनी वाचवलं’ असं वाक्य आहे. ते काढ. चीज, म्हणजे बंदिश, ही त्या घराण्यांची वाडवडिलांची ठेव होती आणि पोटाचं साधनही. कुणी ती सहजासहजी देत नसेल तर त्यामागची काळजी समजून घ्यायला हवी. आणि अनेकांनी दिलीच की! जयपूरचे मोहम्मद अली खाँ, रामपूरचे वजीर खाँ, उदयपूरचे झाकिरुद्दीन खाँ, अशांच्या गळ्यातलं धन भातखंड्यांपर्यंत पोचलं, म्हणून क्रमिक पुस्तकांचे सहा भाग उभे राहिले. भातखंड्यांची चिकाटी अफाट, तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण लिहून घेणाऱ्याचं नाव सांगताना गाणाऱ्याचं नाव गाळलं, तर मुलांच्या मनात एक चुकीचं चित्र कायमचं बसतं, आणि पुढे ते पुसणं कठीण जातं.

प्रवास सांगताना नकाशा भिंतीवर लाव. 1904 साली ते दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, व्यंकटमखी या जुन्या पंडिताची 72 मेळांची, म्हणजे थाटांसारख्या स्वरसाच्यांची, मांडणी त्यांनी अभ्यासली. पुढे उत्तरेत अनेक शहरं फिरले. बडोद्याची 1916 ची संगीत परिषद आणि लखनौचं 1926 चं संगीत कॉलेज एकेका वाक्यात आटोप, मुलांना त्यात रस नसतो.

पत्नी आणि एकुलती मुलगी, दोघी त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. हे सांगायचं का, असं तू विचारलंयस. सांग, साध्या आवाजात, पार्श्वसंगीत न लावता. तुझ्या वर्गातही घरातलं कुणी गमावलेली मुलं असतील. मात्र ‘दुःखामुळेच एवढं काम झालं’ असं जोडून देऊ नकोस, ते आपल्याला ठाऊक नाही.

आणि त्यांना नुसते संग्राहक करून सोडू नकोस, ते रचनाकारही होते. ‘चतुर’ या मुद्रेने, म्हणजे गाण्याच्या शब्दांत गुंफलेल्या टोपणनावाने, त्यांनी लक्षणगीतं बांधली. रागाचे वर्ज्य स्वर, वादी-संवादी म्हणजे त्यातले दोन मुख्य स्वर, गायची वेळ, सगळं त्या रागातल्याच गाण्याच्या शब्दांत. भूपाचं एक लक्षणगीत मुलांच्या गळ्यावर चढव, मुद्रा कुठे येते ते त्यांनाच हुडकू दे. मग गटागटाने देशकाराचं लक्षणगीत मराठीत रचायला सांग. यमक जुळलं नाही तरी चालेल, धैवत विसरता कामा नये. पालकांसमोर गायचं ते हेच, भाषणं नकोत.

त्याच काळातले दुसरे संगीतप्रसारक विष्णु दिगंबर पलुसकर, त्यांना याच तासात कोंबू नकोस. त्यांची लिपी वेगळी, वाट वेगळी, त्यांना त्यांचा महिना दे. जमलं तर एका शनिवारी मुलांना वाळकेश्वरला तीन बत्तीवरून बाणगंगा तळ्यापर्यंत चालत ने, ने-आणीसाठी दोन पालक सोबत घे, तळ्याच्या पायऱ्या पावसात निसरड्या असतात. दिवाळीनंतरच्या सत्रात श्रीकृष्ण रातंजनकर घे. भातखंड्यांचा हा शिष्य ‘सुजान’ या मुद्रेने बंदिशी बांधायचा, आणि तोवर तुझ्या मुलांना मुद्रा हुडकायची सवय झालेली असेल.

तुझा,
काका