फियाट 1100 ला आजचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसतो का?

तुमचा प्रश्न असा की घरची 1967 ची फियाट 1100 डिलाइट आहे, लोणावळ्याला जाताना चौथ्यात इंजिन ओरडतं, पहिला टाकताना कर्रर्र होतं, तर नव्या गाडीचा बॉक्स बसेल का आणि बसवावा का. बसतो. मी मुलुंडला राहतो, माझ्याकडे 1969 ची फियाट आहे आणि तिला जिप्सी किंगचा पाच गिअरचा बॉक्स बसवलाय, म्हणून जे अंगावर आलं तेच सांगतो.

आधी हे बघा, की पहिल्याचा कर्रर्र हा बिघाड नाहीये. त्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रिंग) नाहीच, जुने टॅक्सीवाले गाडी पूर्ण थांबवूनच पहिला टाकायचे नाहीतर डबल क्लच मारायचे, म्हणजे मधे न्यूट्रलला येऊन क्लच दोनदा दाबायचे. बाकी गिअर सुटत असतील किंवा घरघर असेल तर आधी तोच बॉक्स खोलून बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा बदला, खरंच सांगतो, निम्म्या लोकांचं काम तिथेच भागतं. फक्त उशीर करू नका, ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी (पद्मिनी म्हणजे याच फियाटचं पुढचं नाव) बंद झाली आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जो सढळ माल मिळायचा तो आता आटत चाललाय.

पाचवा हवाच असेल तर जिप्सीचा का, तर त्याचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) बॉक्सला चिकटलेला नसतो, मधे एक छोटा शाफ्ट असतो, त्यामुळे नुसता बॉक्स घेऊन मागे फियाटचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) जोडता येतो. आणि तो 1300 सीसीच्या इंजिनासाठी बनलाय, आपलं 1089 सीसी त्याला काहीच नाही. पाचवा साधारण 0.8 चा आहे, म्हणजे चौथ्यात जिथे 3000 आरपीएम लागायचे तिथे 2400 लागतात. पण घाटात पाचवा विसरा, या इंजिनात तेवढी ताकद नाही, खंडाळा तिसऱ्यातच चढायचा.

आता खरी गोष्ट, म्हणजे सेंटरिंग, इंजिनाचा आणि बॉक्सचा शाफ्ट अगदी एका रेषेत आणणं. इंजिन आणि नवा बॉक्स यांच्यामधे अ‍ॅडाप्टर प्लेट लागते, आणि सगळे ती प्लेट किती जाड, कुठल्या मेटलची एवढंच बोलतात. माझी पहिली प्लेट एका गॅरेजने जुन्या गास्केटवरून भोकं मारून बनवली आणि बोल्ट आवळून दिली. तीन आठवड्यात एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरायला लागली, मग इनपुट बेअरिंग रडायला लागलं, मग चौथा आपोआप सुटायला लागला. उतरवून मोजलं तर सेंटर अर्धा मिलीमीटर सरकलेला! बोल्ट फक्त आवळून धरतो, जागा ठरवतात डॉवेल पिना, आणि त्या घातल्याच नव्हत्या.

दुसऱ्यांदा साकीनाक्याच्या एका टर्नरकडे मी स्वतः उभा राहिलो, फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमापाचं यंत्र) लावलं, क्रँक हाताने फिरवत बेलहाऊसिंगच्या (क्लचभोवतीच्या कव्हरच्या) मधल्या गोल भोकाचं रीडिंग घेतलं, हलकं ठोकत ठोकत काटा पूर्ण फेऱ्यात 0.1 मिमीच्या आसपास आणला आणि मगच डॉवेलची भोकं मारली. याला अख्खा दिवस गेला. कारागीर हा दिवस द्यायला तयार नसेल तर त्याला काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. क्रँकच्या टोकाला गनमेटलचा पायलट बुश (बॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारी बारीक नळी) टर्न करून घ्या, क्लच प्लेट अशी बनवून घ्या की मधला हब जिप्सीच्या शाफ्टवरच्या खाचांना (स्प्लाइनला) बसणारा आणि बाहेरचा डाया फियाटचा. प्रॉपेलर शाफ्ट लांबी बदलली की बॅलन्स करायचाच, स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल, तो जीपीएसशी ताडून बघा.

आणि टनेल, म्हणजे बॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा, कापू नका, प्लीज. 2021 च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून व्हीए सिरीजचा वेगळा नंबर मिळतो, पण चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. मी गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) वेगळा बनवून मूळच्याच बोल्टच्या भोकांवर टांगलाय, लिव्हर वाकवून घेतलाय, रबराच्या मॅटखालचं एक झाकण सोडलं तर पत्र्याला हात लावलेला नाही. जुना बॉक्स आणि स्टिअरिंगवरचा सगळा गिअर लिंकेज तेल लावून माळ्यावर ठेवलाय.

एक मात्र गेलं, फ्लोअरला लिव्हर आला की पुढच्या बाकड्यावर मधे कोणी बसू शकत नाही. लहानपणी आईबाबांच्या मधे मीच बसायचो, ती जागा आता नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या घरात ती जागा कोणाची असेल तर त्यांना विचारूनच ठरवा.

आणि पाचव्यात गाडी 90 ला आरामात पळायला लागते, पण ब्रेक चारही ड्रमच आहेत, तेव्हा लायनर, व्हील सिलिंडर आणि होज नवे टाकून झाल्याशिवाय बॉक्सचं काम सुरूच करू नका.