कोणाच्या हाताखाली शिकायचं ते आधी ठरव

अरे, तुझी मेल नीट वाचली, खूप बरं वाटलं. एकीकडे दर शनिवारी टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या व्हिडिओ रूममधलं काम आणि दुसरीकडे मिडवेस्टमधल्या छोट्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता टीमच्या कोचेसना मदत, पगार नावापुरता पण मास्टर्सची फी माफ. घरात सगळे म्हणतायत मोठं नाव घे, रेझ्युमेवर शोभेल. आईला तर कॉम्प्युटर सायन्स करून फुटबॉल कोच कशाला व्हायचं हेच मुळात पटत नाहीये, तिच्याशी मी बोलेन. पण नुसतं नाव बघून हो म्हणू नकोस, तू कोणाच्या हाताखाली काम करणार आहेस ते आधी बघ.

मी कॅन्ससमध्ये राहणारा माणूस, त्यामुळे बिल स्नायडरचं नाव घेणारच. तुझ्या वयाच्या मुलांना तो जांभळं जॅकेट घातलेला म्हातारा कोच म्हणूनच आठवत असेल, पण त्याचं करिअर सुरुवातीपासून बघ. मिझुरीतल्या विल्यम ज्युएल नावाच्या छोट्याशा कॉलेजात खेळला, मग कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये कोचिंग, मग टेक्ससमधलं ऑस्टिन कॉलेज, मग नॉर्थ टेक्सस स्टेटला हेडन फ्राय नावाच्या कोचकडे, आणि 1979 ला फ्राय आयोवा युनिव्हर्सिटीला गेला तेव्हा त्याच्याबरोबर हाही गेला आणि तिथे जवळजवळ दहा वर्षं राहिला. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हेड कोचची खुर्ची मिळाली तेव्हा वय 49. तू 23 व्या वर्षी मला विचारतोयस की उशीर तर नाही ना झाला.

आणि खुर्ची मिळाली ती कुठली, तर इथल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीची. आधीच्या दोन सीझनमध्ये, 1987 आणि 1988 मध्ये, त्यांनी एकही मॅच जिंकली नव्हती. तोवर देशातल्या मोठ्या कॉलेज टीम्समध्ये सगळ्यात जास्त मॅचेस हरलेली टीम. 1989 ला त्याच्या पहिल्या सीझनमध्ये 11 पैकी एकच जिंकले, तीही नॉर्थ टेक्ससविरुद्ध, म्हणजे जिथे तो स्वतः आधी असिस्टंट होता त्याच कॉलेजविरुद्ध, शेवटच्या प्लेवर, म्हणजे शेवटच्या चालीवर, बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून, म्हणजे टचडाउन करून, 20-17. तेवढ्या एका विजयावर लोक मैदानात उतरले, इथली जुनी मंडळी अजून सांगतात. 1998 मध्ये हीच टीम रेग्युलर सीझनमध्ये 11 पैकी 11 जिंकली.

पण मला तुला दाखवायचाय तो फ्रायचा आयोवातला स्टाफ. स्नायडर होता, बॅरी अल्व्हारेझ होता जो पुढे विस्कॉन्सिनचा हेड कोच झाला, कर्क फेरेन्ट्झ होता ज्याने नंतर फ्रायचीच जागा घेतली, आणि खेळून झाल्यावर तिथेच कोचिंगची सुरुवात करणारा बॉब स्टूप्स होता. हे काही एका स्टाफमध्ये योगायोगाने जमलेले नाहीत रे. फ्राय असिस्टंटना खरी जबाबदारी द्यायचा. स्नायडरने पुढे तेच केलं, स्टूप्सला कॅन्सस स्टेटला आणलं, आणि स्टूप्सने 2000 च्या सीझनमध्ये ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीला नॅशनल चॅम्पियनशिप मिळवून दिली. मग 2003 ची बिग 12 या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, फायनल, समोर स्टूप्सची एकही मॅच न हरलेली नंबर वन ओक्लाहोमा, आणि गुरूने 35-7 ने हरवलं! कॅन्सस स्टेटची 1934 नंतरची पहिली कॉन्फरन्स चॅम्पियनशिप. ब्रेंट व्हेनेबल्स स्नायडरकडे खेळला, मग त्याच्याकडेच ग्रॅज्युएट असिस्टंट झाला, आज तो ओक्लाहोमाचा हेड कोच आहे.

आता ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे काय करायचं ते नीट समजून घे. पुढच्या मॅचचा विरोधी संघ कुठल्या डाउनला (बॉल पुढे न्यायच्या चार प्रयत्नांपैकी कितव्याला), किती यार्ड बाकी असताना, कुठली फॉर्मेशन, म्हणजे खेळाडूंची रचना, लावतो ते फिल्म बघून एकेक प्ले टिपायचं, मग त्यांचे प्लेज कार्डवर काढायचे, प्रॅक्टिसला स्काउट टीमच्या, म्हणजे विरोधी संघाची नक्कल करणाऱ्या आपल्याच राखीव, पोरांसमोर ते कार्ड धरून उभं राहायचं आणि तू तिथून पळ, तू इथे ब्लॉक कर असं सांगायचं. कार्डवर एका माणसाची जागा चुकली तर तुमचा डिफेन्स आठवडाभर चुकीची गोष्ट शिकतो. काम कंटाळवाणं आहे पण खेळ डोक्यात बसतो तो इथेच, आणि तुझं कोडिंग इथे तुला खूप पुढे नेईल. मोठ्या टीमच्या व्हिडिओ रूममध्ये भरपूर माणसं असतात, तुझ्या वाट्याला क्लिप कापणं येईल आणि पोरांना समोर उभं राहून शिकवण्याची संधी बहुतेक मिळणारच नाही.

कॉलेजमध्ये खेळलो नाही म्हणून मनात भीती आहे म्हणतोस. माइक लीच कॉलेजमध्ये फुटबॉल खेळलेला नव्हता, वकिलीची डिग्री घेतलेला माणूस, आणि 2000 च्या सीझनपासून टेक्सस टेक युनिव्हर्सिटीचा हेड कोच झाला. भीती सोडून दे.

ज्याची भीती बाळगायला हवी ते वेगळंच आहे. हेड कोचला काढलं की बहुतेक सगळा स्टाफ घरी जातो, तुझा काही दोष असो नसो, सामान बांधायची तयारी कायम ठेवावी लागते. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली, दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफरही सोपी झाली, त्यामुळे तू वर्षभर शिकवलेला पोरगा सीझन संपला की दुसरीकडे जाऊ शकतो. आणि घर. स्नायडर 2005 ला थांबला तेव्हा घरच्यांना वेळ देता आला नाही हे मोठं कारण होतं, तरी 2009 ला परत आला आणि 2018 पर्यंत राहिला, एकूण 215 विजय. या कामाची ओढ किती असते बघ. लग्नाआधी होणाऱ्या बायकोला हे सगळं स्पष्ट सांग, खरंच सांगतोय.

स्नायडरची एक सवय मला फार आवडते. विरोधी टीमचा एखादा पोरगा चांगला खेळला किंवा जखमी झाला की त्याला स्वतःच्या हाताने जांभळ्या शाईत चिठ्ठी लिहायचा. समोरच्या टीमच्या पोराला! तुझा होणारा बॉस असा आहे का ते शोध.

शोधणं अवघड नाही. दोन्ही हेड कोचेसच्या हाताखाली गेल्या दहा वर्षांत जे असिस्टंट होते ते आज कुठे आहेत त्याची यादी काढ, वेबसाइटवर जुन्या सीझनचे स्टाफ सापडतात. छोट्या कॉलेजातल्या सध्याच्या ग्रॅज्युएट असिस्टंटला फोन कर आणि विचार की मीटिंगमध्ये तुला बोलू देतात का, चूक झाली की कोच सगळ्यांसमोर बोलतो की बाजूला घेऊन. मला छोट्या कॉलेजकडे कल वाटतोय, पण यादी उलटं सांगत असेल तर मी माझं मत बदलेन. रविवारपर्यंत पाठव, संध्याकाळी फोनवर बसून बघू, तोपर्यंत कोणालाच हो म्हणू नकोस.

काका