नेदरलँड्समधल्या ॲम्स्टेलवेनमध्ये पहिला फ्लॅट घेताना

शांत गल्ली, समोर खेळाचं मैदान, जवळ शाळा हे एका फेरीत कळतं. खरा वेळ द्या सोसायटीच्या, म्हणजे व्हीव्हीईच्या कागदांना. गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, दुरुस्तीचा दीर्घकालीन आराखडा आणि राखीव निधी मागून घ्या. 2018 पासूनच्या कायद्यानुसार निधीत दरवर्षी आराखड्याप्रमाणे किंवा इमारतीच्या पुनर्बांधणी मूल्याच्या किमान 0.5% भर पडायला हवी. सोसायटीचा महिन्याचा हप्ता फार कमी दिसला तर खूश होऊ नका. लिफ्ट किंवा छताचं काम निघालं की तो फरक एकरकमी तुमच्याकडूनच वसूल होतो.

बोली लावताना हिशेब असा: बँक जास्तीत जास्त मूल्यांकनाइतकं कर्ज देते. बोली 4,60,000 युरो आणि मूल्यांकन 4,45,000 आलं, तर वरचे 15,000 खिशातून. शिवाय 2% हस्तांतरण कर, म्हणजे 9,200. नोटरी आणि कर्ज सल्लागार वेगळे. पस्तिशीच्या आत असाल तर करमाफीची मर्यादा जरूर तपासा.

करारात 'कर्ज न मिळाल्यास रद्द' ही अट घालाच. सहीची प्रत हातात आल्यावर विचाराला तीन दिवस मिळतात. नंतर करारातल्या अटीचा आधार नसताना माघार घेतली तर साधारण 10% दंड.

घर बघायला गेलात की खिडकीच्या दोन काचांमधली धातूची पट्टी वाचा. तिच्यावर बहुतेकदा काचेचा प्रकार आणि वर्ष छापलेलं असतं. बाथरूमच्या व्हेंटला टिश्यू पेपर लावा. तो चिकटला नाही तर हवा खेचली जात नाही, आणि हिवाळ्यात बुरशी धरते.